आजोबांची वाटी रिकामी का राहावी?

(मधुमेहींसाठी कमी कर्बोदकांचे सोपे गोड पदार्थ)



शाळेत आजी-आजोबा दिन साजरा झाला, तेव्हा अल्पोपाहाराची जबाबदारी आम्हा गृहविज्ञानाच्या शिक्षिका व काही पालक भगिनींकडे होती. येणाऱ्या ज्येष्ठांपैकी बऱ्याच जणांना मधुमेह आहे हे आम्हाला ठाऊक होते. म्हणून आम्ही साखरेचा कणही न घालता खजुराचे लाडू केले आणि ताटाशेजारी मोठ्या अक्षरांत पाटी लावली, 'शुगर-फ्री लाडू'. पाटी वाचून आजी-आजोबांनी निर्धास्तपणे दोन-दोन लाडू घेतले. आम्हीही आनंदाने वाढले.

दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीच्या आजींचा फोन आला. त्या घरच्या घरी यंत्रावर रक्तातील साखर तपासतात. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी एवढेच विचारले, "बाई, तुमच्या लाडवात होतं तरी काय? माझी साखर एरवी एवढी चढत नाही."

मग आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आमच्या एका लाडवात साधारण चार खजूर होते. एका मध्यम खजुरात 5 ते 6 ग्रॅम साखर असते. म्हणजे एका लाडवात 20 ते 24 ग्रॅम. चहाचा एक चमचा साखर 5 ग्रॅमची धरली, तर एक लाडू म्हणजे चार-पाच चमचे साखर आणि दोन लाडू म्हणजे आठ-दहा चमचे! चूक पूर्णपणे आमची होती. आजींची आम्ही क्षमा मागितली. ती चूक पुन्हा आपल्यापैकी कोणाच्या घरी होऊ नये, म्हणून त्यानंतर आम्ही जे शिकलो आणि शाळेच्या स्वयंपाकघरात करून पाहिले, ते येथे मांडत आहोत.

हा विषय थोड्या घरांपुरता राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. आपण तर इंदूरकर. सकाळी पोहे-जलेबी, रात्री सराफ्यात चक्कर, आणि घरी सणावाराला श्रीखंड, बासुंदी, पुरणपोळी. माळव्याची आणि महाराष्ट्राची अशी दोन्हीकडची गोडी आपल्या ताटात एकत्र येते. अशा घरात पंगत बसली की मधुमेही माणसासमोर दोनच वाटा उरतात. एक तर सगळे खात असताना वाटी उपडी घालून बसायचे, नाही तर 'आज एक दिवस चालतं' म्हणून खायचे आणि रात्रभर त्रास सोसायचा. तिसरी वाट आहे आणि ती अवघड नाही.

साखर काढली, पण उरले काय?

आपण जे पिष्टमय आणि गोड पदार्थ खातो, त्यांना कर्बोदके म्हणतात. पचनानंतर त्यांचे ग्लुकोज होते आणि ते रक्तात जाते. निरोगी शरीरात इन्सुलिन हे ग्लुकोज पेशींपर्यंत पोहोचवते. मधुमेहात इन्सुलिन कमी पडते किंवा नीट काम करीत नाही, आणि ग्लुकोज रक्तातच साचून राहते. ते साखरेच्या डब्यातून आले की रव्याच्या डब्यातून, याच्याशी रक्ताला कर्तव्य नसते.

उदाहरणार्थ, शिऱ्याची एक वाटी घेऊ. तीत 30 ग्रॅम रवा आणि 30 ग्रॅम साखर धरू. रव्यात दर 100 ग्रॅममागे सुमारे 70 ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे रव्याची 21 ग्रॅम आणि साखरेची 30, मिळून 51 ग्रॅम. साखर पूर्ण वगळली तरी 21 ग्रॅम उरतातच. मैद्याचे आणि तांदळाच्या पिठाचे गणितही असेच आहे. त्यांत 100 ग्रॅममागे 75 ते 80 ग्रॅम कर्बोदके असतात आणि उपवासाच्या साबुदाण्यात तर 85 हून अधिक. म्हणून 'शुगर-फ्री' जलेबीतला पाक बदलला असला, तरी मैदा आपल्या जागीच असतो.

गुळाबद्दलही आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. गुळात लोह आणि इतर क्षार थोडेफार असतात हे खरे, परंतु त्याच्या 100 ग्रॅममध्ये 85 ग्रॅम किंवा अधिक कर्बोदके असतात. मधातही सुमारे 80 असतात. गूळ, मध, खजूर, मनुका हे सारे 'नैसर्गिक' आहेत, पण मधुमेहीच्या रक्तात ते साखरेचेच काम करतात.

आटवणे आणि टांगणे

आता आपल्याच स्वयंपाकघरातील एक गोष्ट पाहू. ती कळली की निम्मा विषय समजला.

एक लिटर दुधात सुमारे 48 ग्रॅम दुग्धशर्करा असते. ती दुधाच्या पाण्यात विरघळलेली असते. बासुंदी करताना आपण दूध आटवतो. पाणी वाफ होऊन जाते, शर्करा मात्र उडून जात नाही. पातेल्यात दूध निम्मे उरले तरी 48 ग्रॅम शर्करा तिथेच असते, फक्त ती आता कमी वाट्यांत भरलेली असते. वरून साखर न घालताही बासुंदी, रबडी, मावा आणि आपली इंदुरी आटीव दुधाची शिकंजी मधुमेहीला जड जाते, त्याचे कारण हे आहे.

याउलट दही फडक्यात बांधून टांगले, किंवा दूध लिंबू पिळून नासवले, तर पाण्याबरोबर शर्कराही निवळीत वाहून जाते. दही लागताना तिच्यातील थोडी शर्करा जिवाणूंनी आधीच आंबटपणात बदललेली असते. हातात उरतो तो चक्का किंवा छेना. त्यात प्रथिने आणि स्निग्धांश भरपूर असतात, तर कर्बोदके 100 ग्रॅममागे साधारण 2 ते 5 ग्रॅम.

म्हणजेच आजीने टांगलेल्या चक्क्यात कमी कर्बोदकांच्या गोडाची तयारी आधीच झालेली होती. तो आपण पुढे साखरेने भरून टाकतो, एवढेच. तेव्हा मधुमेहीसाठी गोड करायचे असेल तर आटवलेले दूध, पीठ, रवा आणि तांदूळ बाजूला ठेवावेत. चक्का, छेना, बदाम, खोबरे आणि दुधीभोपळा हे पाच जिन्नस हाताशी घ्यावेत.

गोडी कशाने आणावी?

स्टीव्हिया, सुक्रालोज, अस्पार्टेम वगैरे गोडी आणणारे पदार्थ बाजारात मिळतात. स्टीव्हिया ही वनस्पती आहे. तिला हिंदीत 'मीठी तुलसी' म्हणतात. हे पदार्थ साखरेच्या शेकडो पट गोड असल्यामुळे चिमूटभर पुरतात. वापरताना पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

1. पाकिटावरील घटक वाचावेत. पुडीतील पावडरीत माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज भरलेले असेल, तर एका पुडीत सुमारे 1 ग्रॅम कर्बोदके येतात. एक-दोन पुड्यांनी फरक पडत नाही, आठ पुड्यांनी पडतो. थेंबांच्या बाटलीत हा भराव नसतो.

2. पुडी, गोळी किंवा थेंब किती चमचे साखरेइतके गोड आहे, हे प्रत्येक पाकिटावर वेगळे असते. म्हणून आम्ही खाली 'इतके चमचे साखरेइतकी गोडी' असे लिहिले आहे.

3. पदार्थ गॅसवरून उतरवून कोमट झाल्यावरच हे मिसळावे. अस्पार्टेमची गोडी उष्णतेने जाते. फेनिलकीटोन्यूरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी अस्पार्टेम मुळीच घेऊ नये.

4. 'शुगर-फ्री' चॉकलेटांत बरेचदा माल्टिटॉल असते. त्याने साखर थोडीफार वाढते आणि जास्त खाल्ल्यास पोट बिघडते.

या पदार्थांचा रोज मारा करावा असे आम्ही म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली वजन कमी करण्यासाठी त्यांचा वापर करू नये असे सुचवले. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ती सूचना लागू नव्हती, हे खरे. तरीही निरोगी मुलांना त्यांची सवय लावू नये. घरातल्या सर्वांनीच गोडी हळूहळू कमी केली, तर महिन्या-दोन महिन्यांत जीभ आपोआप सरावते. वेलची, केशर, जायफळ आणि भाजलेल्या खोबऱ्याचा वास यांनी पदार्थ आहे त्याहून गोड भासतो, हा आमचा अनुभव आहे.

चार पदार्थ

(कर्बोदकांचे आकडे अंदाजे आहेत. त्यांत चोथा, म्हणजे न पचणारे तंतू, धरलेले नाहीत. पुडीतील भराव असल्यास तो वेगळा मोजावा.)

*1. केशर-वेलची श्रीखंड*

साहित्य : घट्ट, ताजे, आंबट नसलेले दही अर्धा किलो, 6 ते 8 चमचे साखरेइतकी गोडी, केशराच्या काही काड्या, 1 चमचा कोमट दूध, वेलचीपूड, किंचित जायफळ, 8-10 बदाम-पिस्त्यांचे काप.

कृती : दही स्वच्छ मलमलच्या फडक्यात बांधून 6 ते 8 तास टांगावे. उन्हाळ्यात गाळणीवर ठेवून फ्रिजमध्ये ठेवावे, म्हणजे आंबणार नाही. 200 ते 250 ग्रॅम चक्का मिळेल. तो पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढावा. केशर दुधात खलून घालावे, बाकी सर्व मिसळावे आणि तासभर थंड करावे. साखर नसल्यामुळे हे श्रीखंड नेहमीच्यासारखे सैल होत नाही. फार घट्ट वाटल्यास चमचाभर साय घालावी.

या चार लहान वाट्या होतात. एका वाटीत सुमारे 3 ग्रॅम कर्बोदके. नेहमीच्या श्रीखंडाच्या तेवढ्याच वाटीत नुसती साखरच 25 ते 30 ग्रॅम असते.

*2. छेन्याची वडी*

साहित्य : मलईयुक्त दूध 1 लिटर, एका लिंबाचा रस, 6 चमचे साखरेइतकी गोडी, वेलचीपूड, थोडे पिस्ते.

कृती : दुधाला उकळी आली की गॅस बंद करावा. एक मिनिट थांबून लिंबाच्या रसात तेवढेच पाणी घालून तो हळूहळू ओतावा. निवळी हिरवट, स्वच्छ दिसू लागली की फडक्यातून गाळावे. लिंबाचा वास जाण्यासाठी छेना थंड पाण्याने धुवावा आणि अर्धा तास टांगावा. मग ताटात घेऊन तळहाताने 5-7 मिनिटे मळावा. मऊ गोळा झाला की जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर 3-4 मिनिटे परतावा. जास्त परतल्यास तो रवाळ व कोरडा होतो. कोमट झाल्यावर गोडी आणि वेलची मिसळून आठ वड्या थापाव्यात. वर पिस्त्याचा काप दाबावा.

एका वडीत सुमारे 1 ग्रॅम कर्बोदके. निवळी फेकू नये. ती घरातल्या इतरांच्या कढीत वापरावी. मधुमेहीला मात्र 'पौष्टिक' म्हणून ती पेलाभर पाजू नये, कारण दुधातली शर्करा तिच्यातच गेलेली आहे.

*3. खोबरे-बदामाचे लाडू*

साहित्य : ओल्या नारळाचा चव 100 ग्रॅम, सालासकट बदामाची भरड पूड 100 ग्रॅम, साजूक तूप 1 मोठा चमचा, साय 2-3 चमचे, 8 चमचे साखरेइतकी गोडी, वेलचीपूड.

कृती : तुपावर खोबरे मंद आचेवर परतावे. रंग बदलण्याआधी, वास सुटताच बदामपूड घालून दोन मिनिटे परतावे. साय घालून गोळा होईपर्यंत हलवावे. कोमट झाल्यावर गोडी व वेलची मिसळून बारा लहान लाडू वळावेत. ओले खोबरे असल्यामुळे हे फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावेत.

एका लाडवात दीड ग्रॅमच्या आसपास कर्बोदके, पण उष्मांक सुमारे 90. कर्बोदके कमी म्हणजे उष्मांक कमी असे नव्हे. एक लाडू पुरे.

*4. दुधीचा हलवा (माव्याविना)*

साहित्य : कोवळा दुधीभोपळा सोलून, बिया काढून अर्धा किलो, तूप 1 मोठा चमचा, कुस्करलेले पनीर 100 ग्रॅम, साय 2 चमचे, 8 चमचे साखरेइतकी गोडी, वेलची, 10 बदामांचे काप.

कृती : प्रथम दुधीचा लहान तुकडा चाखावा. कडू लागला तर तो पूर्ण दुधी टाकून द्यावा. कडू दुधी विषारी असतो, यात काटकसर करू नये. किसून, तुपावर परतून, झाकण ठेवून शिजवावा. पाणी आटले की पनीर व साय घालून पाच मिनिटे परतावे. उतरवून कोमट झाल्यावर गोडी मिसळावी.

या सहा वाट्या होतात. एका वाटीत 3 ते 4 ग्रॅम कर्बोदके.

वाढण्यापूर्वी

वाटी लहान घ्यावी आणि गोड जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच खावे. ज्यांच्याकडे साखर मोजण्याचे यंत्र आहे, त्यांनी नवा पदार्थ पहिल्यांदा खाताना आधी आणि दोन तासांनी साखर मोजून वहीत लिहावी. प्रत्येकाचे शरीर वेगळे असते. आमच्या आकड्यांपेक्षा आपली वही अधिक खरी. जे इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी डॉक्टरांना न विचारता पोळी-भात एकदम बंद करू नये, कारण त्यामुळे साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. ज्यांचे मूत्रपिंड अधू आहे, त्यांनी पनीर-बदामांचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. काही मुलांना बदामाची ऍलर्जी असते. तेव्हा असा पदार्थ डब्यात दिला असल्यास मुलांनी तो न विचारता वाटू नये.

वर्गातील खणात साखर हवी

मधुमेह फक्त आजी-आजोबांना होतो असे नाही. टाइप 1 मधुमेह लहान मुलांनाही होतो. तो गोड खाल्ल्याने होत नाही, आणि त्यात त्या मुलाचा किंवा आई-वडिलांचा काही दोष नसतो. अशा मुलांना रोज इन्सुलिन घ्यावे लागते. मित्रांनो, वर्गात कोणी डबा खाण्याआधी सुई घेत असेल, तर त्याच्याकडे टक लावून पाहू नका आणि 'तुला पेढा चालत नाही ना?' असे सर्वांसमोर विचारूही नका.

येथे एक गोष्ट प्रत्येकाने पाठ करावी. अशा मुलाला किंवा आजोबांना अचानक घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले, तर साखर कमी झालेली असू शकते. 70 च्या खाली आकडा गेला की लगेच उपाय हवा. त्या वेळी वरीलपैकी एकही पदार्थ देऊ नये! त्यांत साखर नाही, आणि तूप-बदामांमुळे पचनही सावकाश होते. त्या क्षणी खरी साखरच औषध असते. मोठ्या मुलांना व प्रौढांना साधारण 15 ग्रॅम, म्हणजे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि आकडा वर आला नसेल तर पुन्हा तेवढीच द्यावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये आणि तातडीने दवाखान्यात न्यावे.

विद्यार्थ्यांसाठी प्रयोग

विज्ञानाच्या बाईंच्या परवानगीने चार बशा घ्या. एकीत शिजलेला भात, दुसरीत रवा, तिसरीत बदामाची पूड आणि चौथीत घरचे पनीर ठेवा. प्रत्येकावर आयोडीनच्या द्रावणाचे दोन थेंब टाका. पिष्ट असेल तिथे निळा-काळा रंग येईल. कुठे आला आणि कुठे जवळजवळ आला नाही, ते वहीत नोंदवा व घरी आजीला सांगा. एक मर्यादा ध्यानात ठेवा. आयोडीन पिष्ट दाखवते, साखर दाखवीत नाही. म्हणून खजूर या परीक्षेत पास होईल आणि तरीही मधुमेहीला चालणार नाही. प्रयोगातले पदार्थ अर्थातच खायचे नाहीत.

एक विनंती

माननीय विश्वस्त मंडळाला आमच्या दोन विनंत्या आहेत. यापुढे शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमात नेहमीच्या मिठाईबरोबर छेन्याच्या वड्यांचे एक ताट असावे, आणि त्याच्या पाटीवर 'शुगर-फ्री' एवढेच न लिहिता घटक आणि एका वडीतील कर्बोदके लिहावीत. दुसरी विनंती म्हणजे, प्रत्येक वर्गशिक्षकांच्या खणात साखरेची एक पुडी आणि वर दिलेली सूचना ठेवावी. दोन्हींना खर्च फारसा नाही.

आणि पालकहो, गणपतीत किंवा पाडव्याला घरी श्रीखंड कराल, तेव्हा चक्क्यात साखर घालण्यापूर्वी एक वाटी बाजूला काढा. काम पाच मिनिटांचे आहे. ज्या आजींनी आम्हाला फोन केला होता, त्यांच्याकडे आम्ही नंतर हीच केशर-वेलचीची वाटी घेऊन गेलो. त्यांनी ती संपवली, दोन तासांनी बोटाला सुई टोचली, आणि मग फोन करून म्हणाल्या, "बाई, आता पाटी लावायला हरकत नाही."